तांब्यातला दाणा

आमच्या गावच्या कमेटीवर मी एकदाच निवडून आलो, आणि तेही गोजराबाईमुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी कीव करणार नाही.

चोपन्न सालची गोष्ट. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. मोठ्या कामांचे कागद नागपूरला जायचे आणि तिकडेच मुक्काम ठोकायचे. पण गावच्या बाजारपेठेत कोणी दुकान टाकावं आणि कोणी टाकू नये, एवढं ठरवायचा हक्क आमच्या कमेटीकडे होता. अध्यक्ष धरून आम्ही सात मेंबर. मी चंपत शिंपी, पाचव्या वॉर्डाचा. मोटार स्टँडसमोर हिरालालचं चहाचं हॉटेल होतं, त्याच्या ओट्याच्या एका कोपऱ्यात माझी मशीन असायची. हिरालालनं कधी भाडं मागितलं नाही. 'तुमच्या मशीनचा आवाज आला का गिऱ्हाइकाले वाटते, हॉटेल चालून राह्यलं,' असं तो म्हणायचा. फुकटच्या जागेवर बसलेला माणूस किती मोकळा असतो, ते मला तेव्हा कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि मी तिकडे बघत नव्हतो.

गोजराबाई माळीपुऱ्यातली. तिची बागवानी गावापासून दोन कोसांवर, नाल्याच्या काठी. नवरा तिथं मोट हाकायचा, पाणी द्यायचा, आणि बाई रोज सकाळी मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर टोपलीत भरून डोक्यावर गावात आणायची. पहिलं दार माझं. आवडाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, भाजी दिली की टोपली पुन्हा डोक्यावर चढवायला कोणीतरी हात लावावा लागायचा. तो मी लावायचो. माझी बहीण लहानपणीच गेली होती आणि गोजराबाईला भाऊ नव्हता. एका दिवाळीत तिनं आपणहून मला ओवाळलं, आणि मग दर भाऊबीजेला मी तिला एक चोळी शिवून द्यायचो. माप घ्यावं लागत नव्हतं, हातालाच माहीत झालं होतं.

निवडणुकीला मी उभा राहिलो तेव्हा लोक हसले. शिंप्याला कोण विचारतो. पण गोजराबाई माळीपुऱ्यात घरोघर फिरली. यादीत कित्येक बायांचं नावच नव्हतं, नुसतं अमक्याची बायको, तमक्याची आई. त्या सगळ्यांना ओळीनं चालवत तिनं मतदानाला शाळेत आणलं. मी अकरा मतांनी आलो. ती मतं कोणाची, हे पाळण्यातल्या पोरालाही कळलं असतं.

तिनं माझ्याजवळ काही मागितलं नाही, दोन वर्षं. मग तिची मान धरली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, आता डोक्यावर ओझं घेतलं तर हात लुळा पडेल. डाव्या हाताची दोन बोटं आधीच बधिर झाली होती. तेव्हा तिनं हिशेबानं विचार केला. भाजी नवऱ्यानं बांधावरच व्यापाऱ्याला द्यायची, भाव कमी मिळाला तरी चालेल, आणि आपण मोटार स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली झुणका-भाकरीचं दुकान टाकायचं. जागा मागितली ती किती, सहा हात लांब आणि चार हात रुंद. मेडशीकडून, रिठदकडून माणसं सकाळच्या मोटारीनं भुकेली यायची आणि हिरालालची भजी खाऊन पोट धरून बसायची. भाकरी कुठंच मिळत नव्हती.

अर्ज कमेटीच्या बाबूनं लिहिला, अंगठा तिनं केला. कागद पंधरा दिवस फळ्यावर चिकटवला, बाजाराच्या दिवशी दवंडी दिली, की कोणाची हरकत असेल तर लेखी द्यावी. एकही हरकत आली नाही. गावात सगळे म्हणत होते, झालंच समजा.

मतदानाचा आमचा रिवाज निराळा होता, तो सांगितला पाहिजे. पूर्वी मेंबर हात वर करायचे. पण एका पिठाच्या गिरणीच्या अर्जावरून दोन घरांत इतकी तेढ आली, की एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं. तेव्हा अध्यक्ष देशमुखांनी तांब्या आणला. प्रत्येक मेंबराला बाबू दोन दाणे द्यायचा, एक ज्वारीचा, एक उडदाचा. कोपऱ्यातल्या खिडकीत तोंडावर फडकं टाकलेला तांब्या ठेवलेला असायचा. एकेकानं तिकडे पाठ करून जायचं, मंजूर असेल तर ज्वारी टाकायची, नामंजूर असेल तर उडीद, आणि उरलेला दाणा खिडकीच्या गजांतून बाहेर फेकायचा, चिमण्यांना. म्हणजे मुठीत काही राहिलं नाही आणि कोणी काय टाकलं ते कोणाला कळलं नाही. आम्हाला या युक्तीचं फार कौतुक होतं. चार वर्षांत, म्हणजे मी यायच्या आधीपासून, वीसेक अर्ज कमेटीनं असेच निकाली काढले होते.

मीटिंगच्या दोन दिवस आधी हिरालाल माझ्या मशीनपाशी येऊन बसला. स्वतःच्या हातानं चहा आणला होता, वर साय घातलेला. त्याच्या दुसऱ्या हातात पितळेची वाटी होती. वाटीत बेलाचं पान आणि हळद.

"चंपतभाऊ, त्या बाईचा अर्ज मंजूर होनार, हे मलेबी समजते," तो म्हणाला. "मी हरकत नाई घेतली. घेतली असती तं गाव म्हनलं असतं, हिरालाल गरीब बाईच्या पोटावर उठला."

"मंग?"

"मंग काई नाई. तुमी माह्या ओट्यावर बसता. घरच्यासारखे. तुमचा दाना तरी तिकडं पडू नये, एवढंच. माह्या मनाचं समाधान. बाकीचे सहाजन हायेतच तिच्या बाजूनं."

मी शिवणीवरून मान वर केली नाही. तो उठेना. हिरालालला गप्प बसता यायचं, ते मला कधी जमलं नाही. शेवटी मी हात पुढे केला, पान उचललं, हळद कपाळाला लावली, आणि उडीद टाकीन अशी देवाची शपथ घेऊन बेलभंडारा उचलला. तो उठून गेला तरी मशीनचं चाक फिरवायचं माझ्या लक्षात येईना.

संध्याकाळी जेवताना मी हे आवडाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, ती थांबली.

"तुमाले लाज नाई वाटली?"

"अव, सहाजन ज्वारी टाकनार हायेत. माह्या एका उडदानं काय होते? अर्ज तं मंजूरच होते. हिरालालबी खूश, गोजराबाईबी खूश."

"आन तुमी?"

मी चिडलो. भाकरी जळून राह्यली, तिकडं पाय, असं काहीतरी बोललो. भाकरी खरंच जळत होती, एवढं एक माझ्या बाजूचं.

मीटिंगच्या दिवशी सकाळी गोजराबाई आली. तिनं मेथीची जुडी जरा मोठी दिली. तिला हात लावून टोपली चढवून देताना मी पाहिलं, ती दात आवळून धरत होती.

"भाऊ, आज तुमचं काम हाय," ती म्हणाली.

"तू फिकर करू नको. माहा दाना ज्वारीचाच."

हे असं मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दुपारी कमेटीच्या खोलीत आम्ही सातजण जमलो. अर्जदारानं बाहेर, खिडकीखालच्या ओट्यावर बसायचं आणि बोलावलं तर आत यायचं, असा नियम होता. गोजराबाई तिथं बसलेली येताना मी पाहिली होती. धुतलेलं लुगडं, पदर डोक्यावर, दोन्ही हात मांडीवर. बाबूनं अर्ज वाचून दाखवला. अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. कोणाला नव्हतं. फुलसिंग, सहाव्या वॉर्डाचा मेंबर, नेहमी दहा मिनिटं बोलल्याशिवाय खाली बसायचा नाही. तोही त्या दिवशी मूग गिळून बसला होता. मला त्याचं नवल वाटलं आणि बरंही वाटलं. म्हटलं, सगळे राजीच आहेत, बोलायचं कशाला.

माझी पाळी चौथी. मी खिडकीशी गेलो. दोन्ही दाणे बोटांत होते. उडीद लांबट आणि गुळगुळीत, ज्वारी गोल, जरा खरबरीत. कपड्यावर हात फिरवून सूत ओळखणारी माझी बोटं, त्यांना चूक होणं शक्य नव्हतं. तसं झालं असतं तर आज मी म्हणू शकलो असतो, की चुकून पडला. मी उडीद तांब्यात टाकला आणि ज्वारी गजांतून बाहेर. जागेवर येऊन बसलो तेव्हा मला हलकंसुद्धा वाटलं. सहा ज्वारी आहेतच.

सगळ्यांचं झाल्यावर अध्यक्षांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि तांब्या उपडा केला.

सात उडीद पडले.

एक घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. अध्यक्षांनी तो बोटानं अडवला. कोणी कोणाकडे बघेना. मी रुमालाकडे बघत होतो आणि पुन्हा पुन्हा मोजत होतो, जणू मोजून त्यातला एखादा पांढरा होईल. फुलसिंग खोकला. अध्यक्ष स्वतः त्या सातांत होते, हे त्यांच्या लाल झालेल्या कानशिलांवरून कळत होतं.

"मले वाटलं," फुलसिंग हळूच बोलला, "तुमी सारे..."

"मलेबी," दुसरा कोणी म्हणाला.

"हिरालाल?" अध्यक्षांनी विचारलं.

कोणी हो म्हटलं नाही, पण फुलसिंगच्या कपाळावर केसांच्या मुळाशी हळदीची पिवळी रेघ अजून होती. माझ्या डोळ्यांना ती मघापासून दिसत असणार. हिरालालनं सातही जणांना एकच गोष्ट सांगितली होती, की बाकीचे सहाजण तिच्या बाजूनं आहेत. आणि आम्ही सातही शहाणे तेवढ्याच भरवशावर एकेक दाणा टाकून मोकळे झालो होतो.

मी तिथं उठून बोलायला पाहिजे होतं. पुन्हा टाकू, एवढे दोन शब्द पुरले असते. त्या खोलीत सातही जणांना तेच पाहिजे होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. पण पहिला जो बोलेल त्यानंच बेलभंडारा मोडला असं होईल, म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे हिरालालचा ओटा होता, आणि उचलून रस्त्यावर ठेवलेली मशीन.

"आकडा लिहू नका," अध्यक्ष बाबूला म्हणाले. "नुसतं नामंजूर लिहा. रहदारीस अडथळा."

बाबूनं मान खाली घालून तेवढंच लिहिलं.

बाबू बाहेर जाऊन निकाल सांगून आला. मग एकेक मेंबर निघाला. दारातून ओटा दिसत होता. अध्यक्ष गोजराबाईपाशी थांबले, काहीतरी बोलले आणि छत्री उघडून गेले. फुलसिंग थांबला. त्याचा आवाज मोठा, तो आत ऐकू आला.

"बाई, मी तुह्याच बाजूनं होतो. काय करतं, बाकीच्यायनं घात केला."

तिसरा थांबला, चौथा थांबला. सगळ्यांचं बोलणं तेवढंच लांब होतं. ती प्रत्येकाला मान हलवून 'बरं' म्हणत होती. आकडा कुठं लिहिला नव्हता, तिला लिहिता वाचता येत नव्हतं, तेव्हा प्रत्येकाला आपापली सोय होती. मी सगळ्यांत शेवटी निघालो. वाटेत ठरवलं, की आपण खोटं बोलायचं नाही, नुसतं खाली बघून निघून जायचं. पण ती उठून उभी राहिली, आणि माझं तोंड आपोआप चाललं.

"गोजराबाई, मी तं ज्वारीच..."

तिनं उजव्या हाताची मूठ माझ्यापुढे धरली आणि उघडली. तळहातावर ज्वारीचे सात दाणे होते.

"पयला पडला तवा वाटलं, चिमन्यायले टाकून राह्यले," ती म्हणाली. "दुसरा पडला. तिसरा पडला तवा समजलं. मंग मी येचत गेली."

चार वर्षं कमेटी त्या खिडकीतून दाणे फेकत होती आणि अर्जदाराला त्याच खिडकीखाली बसवत होती. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आधीच्या कोणाला कळलं असेल आणि तो बोलला नसेल, तर ते आता कोण सांगणार.

"सारखेच दिसतेत," तिनं हात जरा पुढे केला. "यातली तुमची कोन्ती, भाऊ?"

 हात लावायची माझी छाती झाली नाही. तिनं एक दाणा उचलून माझ्या हातावर ठेवला, उरलेले सहा ओट्याखाली टाकले, पदर सावरला आणि रिकामी टोपली काखेत घेऊन चालू लागली. तिनं मला भाऊ म्हटलेलं ते शेवटचं.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. म्हटलं, पुन्हा मतदान घ्या. ते झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पायानं झोका थांबवला.

"येते घेता. पन एका मेंबरानं उभं राहून सांगा लागते, का मी उडीद टाकला होता आन माहा इचार बदलला. नावानिशी लिहा लागते. तुमी सांगता?"

"तुमी अध्यक्ष हा," मी म्हणालो.

"मी तुमाले इचारून राह्यलो."

मी चप्पल घालून परत आलो. येताना हिरालालच्या ओट्यावर मशीन जागच्या जागी होती, शेजारी गरम चहा ठेवलेला होता. तो चहा मी प्यालो. लपवून काय करू.

भाऊबीजेला मी अंगणात पाट मांडून बसलो. आवडाबाई म्हणाली, कायले बसता, ती नाई येत. मी म्हटलं, येईल. चोळी शिवून तयार होती, मोरपंखी खणाची. इतकी नीट शिलाई मी आयुष्यात कोणाच्या कपड्यावर केली नसेल. दिवे लागणीपर्यंत बसलो. मग आवडाबाईनंच पाट उचलला.

ती आली चार दिवसांनी, सकाळी, भाजी घेऊन. टोपली डोक्यावरच होती. डावा हात आता टोपलीला लावत नव्हती, तो लुगड्याच्या निरीत खोचला होता. आवडाबाईनं धरून टोपली उतरवली. मी घरातून चोळी घेऊन आलो.

"गोजराबाई, हे तुही. मी चुकलो. मी सांगतो तुले, मी चुकलो. वाटलं, एकानं काय होते."

तिनं चोळी हातात घेतली. उलटी करून शिलाई पाहिली, बाह्यांची टीप पाहिली, जशी कोणतंही गिऱ्हाईक पाहतं.

"चांगली झाली," ती म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं, की मी पुढं काय बोलणार होतो ते विसरलो. तिनं चोळीची घडी घालून कमरेला खोचली. मग खाली बसून टोपलीतली वांगी निवडली. किडकी बाजूला ठेवून चांगली चांगली उजव्या हातानं आवडाबाईच्या सुपात टाकत गेली. सूप भरत आलं तरी टाकत होती.

"अव, इतकी कायले?" आवडाबाई म्हणाली.

"शिलाईची," गोजराबाई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. "पुरते नं मेंबरसाहेब?"

आवडाबाई माझ्याकडे बघत होती. मी काय बोललो मला आठवत नाही. पुरते म्हणालो असेन.

ती उठली. टोपली चढवायची होती. मी नेहमीसारखा पुढे झालो आणि वाकून टोपलीला हात घातला.

"राहू द्या, मेंबरसाहेब," ती म्हणाली. "आवडाबाई, तूच लाव व हात."